झुंबराच्या देठावरचा दोरा

आई,

छापखान्यातल्या वहिनींचा सकाळपासून हा तिसरा फोन. "भाऊ, दोरा ठेवू की काढू? सहाच्या आत सांगा हो, उद्या सकाळी कव्हर मशीनवर चढतंय." छापखाना त्यांच्या नवऱ्याचा, पण पानं लावणं, फोटो साफ करणं आणि लेखकांच्या मागे लागणं ही कामं त्याच करतात. मागीलदारच्या आणि कातळसड्यावरच्या फुलांवर मी इतकी वर्षं जे सदर लिहिलं, त्याचं पुस्तक निघतंय. कव्हरवर झुंबराच्या फुलाचाच फोटो हवा, असा वहिनींचा हट्ट. त्यांनी जुनी निगेटिव्ह संगणकावर चढवली, फोटो कव्हराएवढा मोठा केला आणि काल मला बोलावून घेतलं. "भाऊ, देठाला काय तरी गुंडाळलंय. कोळ्याचं जाळं म्हणावं, तर ही बघा, गाठ आहे." गाठ आहेच. तू मारलेली आहे. "दोन मिनिटांत पुसून टाकते, कुणाला कळायचं पण नाही," असं त्या म्हणाल्या, आणि मी "विचार करून सांगतो" म्हणून घरी आलो. जन्मभर दिलेल्या वेळेत मजकूर देत आलेला मी, आज एका दोऱ्यापायी दुपारपासून टेबलाशी बसून आहे. मला याचा भयंकर वैताग आलाय आणि तो नेहमीप्रमाणे तुझ्यावरच काढायचाय. तू जाऊन सतरा वर्षं झाली, म्हणून तुझी सुटका नाही.

आपलं भांडण मुळात वेळेवरून सुरू झालं. फुलाचा फोटो काढायचा तर सकाळी काढावा, ऊन तिरपं असताना आणि वारा सुटायच्या आत. आपल्याकडे ही वेळ म्हणजे साडेसहा ते साडेसात. त्यानंतर खाडीकडून वारा येतो आणि पान न् पान डोलायला लागतं. दैनिकात लागून मला वर्षही झालं नव्हतं, संपादकांनी रविवारच्या रंगीत पुरवणीत पाव पान दिलं होतं, ऑफिसचा कॅमेरा आठवड्यातून दोन दिवस माझ्या गळ्यात असायचा, आणि मजकूर, फोटो सगळं गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत टेबलावर पडायला हवं होतं. एवढं सगळं जमून आलेलं, आणि साडेसहाला बागेत फूल नाही! कारण साडेपाचला तू परडी घेऊन बाहेर पडलेली असायचीस. धड उजाडलेलं नसताना नुसत्या हाताच्या सवयीने तगर, जास्वंद, अबोली, कण्हेर सगळं परडीत. मी कॅमेरा घेऊन दारात येतो तेव्हा बाग न्हाव्याकडून नुकत्याच उठलेल्या डोक्यासारखी दिसते आहे. "आई, अगं काल रात्री सांगितलं होतं ना?" "सांगितलंस. म्हणून देवाला काय शिळं वाहू?" "एखादं तरी ठेवायचं." "ठेवलंय की. तो बघ, कोपऱ्यात." कोपऱ्यात खरंच एक जास्वंद असते. तिची एक पाकळी अळीने खाल्लेली, दुसरीवर गोगलगाय फिरून गेलेली. देवाला ताजं आणि पेपराला किडकं, हा तुझा न्याय. दगडी गडग्यापलीकडची काकू हात लांब करून आपली दोन फुलं न्यायची, तेव्हा पाखाडीतली सगळी घरं ऐकतील अशी तू तिची हजेरी घ्यायचीस. माझ्या तक्रारीची मात्र कुठे दाद नव्हती.

मग पेपरातली फुलं बघून लोक तुला बाजारात थांबवायला लागले. "तुमच्याकडचीच ना ती अबोली?" असं मासळीवालीने विचारलं, त्या दिवशी तू घरी आलीस ती वेगळीच बाई होऊन. आणि मग तू मला मदत करायला लागलीस. त्यापेक्षा आधीचं बरं होतं. तू पानांना खोबरेल लावायचीस, चमकावीत म्हणून. फुलांवर पाणी शिंपडायचीस, इतकं की तगर न्हाणीतून आल्यासारखी दिसायची. एकदा मी अनंताच्या झाडाशी बसलोय, मागचं दृश्य मोकळं हवं म्हणून कसाबसा पाण्याचा निळा पिंप चौकटीबाहेर ठेवलाय, तर तू घासूनपुसून पितळी तांब्या आणून झाडाखाली ठेवलास. "हा कशाला?" "शोभा येते." मी तांब्या उचलून बाजूला ठेवला. तू तो पुन्हा ठेवलास, जरा मागे, मला दिसणार नाही अशा बेताने. त्या रविवारी अनंताच्या मागे तांब्याचा काठ छापून आला आणि तू तो काठ पाखाडीतल्या सगळ्यांना दाखवलास.

आणि तो सडा! भाद्रपदात तुला एकदा बरोबर नेलं, ही माझीच चूक. एसटीतून उतरून अर्धा तास चढ चढलो. वर आलो तर काळ्या कातळावर पाण्याचा पातळ थर आणि त्या पाण्यात उभी निळी-जांभळी, तांदळाएवढी फुलं, नजर जाईल तिथपर्यंत. एवढ्याशा फुलाचा फोटो उभ्याने निघत नाही. पालथं पडावं लागतं, कोपर कातळावर टेकावे लागतात, भिंग फुलाच्या उंचीवर आणावं लागतं, मग कुठे ते फूल आणि मागचं आभाळ एकमेकांशी बोलायला लागतात. मी तसा पडलोय, शर्ट पोटाशी भिजलाय, श्वास रोखून वारा थांबायची वाट बघतोय. तेवढ्यात माझ्या नाकासमोर तुझी मूठ आली. मुठीत तीच फुलं, पंचवीसेक. "हे घे. घरी वाटीत ठेव आणि खुर्चीवर बसून काढ. चिखलात कशाला लोळतोस?" मी काय बोललो ते लिहीत नाही. तू मुठीकडे बघितलंस. फुलं तेवढ्यात मान टाकून तुझ्या तळव्याला चिकटली होती. "बाई गं, किती नाजूक," म्हणालीस, "उगाच खुडली." मग तू माझ्या वाऱ्याच्या बाजूला आलीस, उकिडवी बसलीस आणि दोन्ही हातांनी पदर पसरून धरलास. वारा अडला. तास दीड तास तू तशीच बसलीस, मध्ये फक्त एकदा, "झालं काय रे?" त्या दिवशीचे चार फोटो या पुस्तकात आहेत. चारही स्थिर आहेत, आणि ते कशामुळे स्थिर आहेत हे पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही.

आता झुंबर. राजापूरच्या मावशीकडून तू फांदी आणलीस, ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत सगळा वेळ मांडीवर धरून. जातीने जास्वंदच, पण पाकळ्या कात्रीने बारीक कातरल्यासारख्या आणि मागे वळलेल्या, आणि फूल लांबलचक बारीक देठावर खाली तोंड करून लोंबणारं. आपल्या घरात त्याला सगळे झुंबरच म्हणायचे. दिसायला अप्रतिम आणि फोटोला महाबिलंदर. वरून काढावं तर फुलाची पाठ दिसते. समोरून काढावं तर एवढ्याशा झुळकेने ते घड्याळाच्या लंबकासारखं हलतं. खालून काढावं तर आभाळ पांढरंफटक येतं आणि फूल काळं. यावर उपाय आहे. खाली गोणपाट टाकून उताणं पडायचं, शेजारी पांढरा पुठ्ठा ठेवून त्यावरचा उजेड फुलाच्या तोंडावर पाडायचा आणि मुकाट वाट बघायची. हे मला ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, त्याच महिन्यात मी सदरात मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, "फुलाला मान वर करायला लावू नका, आपली मान खाली घाला." तीन आठवडे मी त्या झाडाखाली लोळलो. दोन रोल संपले. संपादक म्हणाले, "तुझं ते झुंबर येतंय की त्याच्याऐवजी कारल्याचं फूल छापू?"

त्या गुरुवारी मी सात वाजता बाहेर आलो, आणि झुंबर ताठ मानेने माझ्याकडे बघत उभं होतं. वर केसर, खाली गोल झालेल्या लाल पाकळ्या, अंगावर बेताचे थेंब. तू विहिरीपाशी हंडा घासत होतीस. "आज बघ कसं उभं राहिलंय," म्हणालीस. तुझी पाठ माझ्याकडे होती. मी गुडघ्यावर बसलो आणि बारा फोटो काढले. फूल हललं नाही, जरासुद्धा. ज्याला ते बांधलं होतं तो केरसुणीचा हीर पानांआड होता, केळीच्या सोपटाचा धागा देठाच्याच रंगाचा. दुपारी बाजारातल्या स्टुडिओत रोल धुऊन घेतला, त्यातला एक निवडला, पाचच्या आत मजकूर टेबलावर. रविवारी फोटो छापून आला आणि खरं सांगायचं तर इतका सुरेख आला की संपादकांनी पान कापून आपल्या काचेखाली ठेवलं.

बुधवारी पोस्टकार्ड आलं. मालगुंडला राहणारे वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त शिक्षक. अक्षर छापल्यासारखं. "आपल्या पुरवणीतील फूल पाहिले. ही जात जन्मभर अधोमुख असते. माझ्या सबंध नोकरीत मी तिला आभाळाकडे पाहताना पाहिलेले नाही. आपणच मागे लिहिले होते की फुलाला मान वर करायला लावू नये. या फुलाने आपले ऐकलेले दिसत नाही." संपादकांनी ते वाचकांच्या पत्रांत छापलं, कारण ते पत्र चांगलं होतं, आणि चांगलं पत्र न छापणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. झालं. चहाच्या टपरीवर दुसऱ्या पेपरचे दोघे बसलेले असायचे, ते मला बघितलं की मानेला हात लावून ती वर उचलायचे. "काय राव, आज कुणाची मान बांधलीत?" मी नवा होतो. माझ्याजवळ नावाशिवाय काही नव्हतं, आणि ते नाव टपरीवरच्या बशीत पडलं होतं.

पत्र छापून आलं त्या संध्याकाळी तू स्वयंपाकघरात घावन घालत होतीस. मी पेपर तुझ्यासमोर चुलीच्या कट्ट्यावर टाकला. "झुंबर तू बांधलंस?" तू पेपर वाचला नाहीस, नुसता बघितलास. "बांधलं. हिराला." "का?" "तीन आठवडे बघत होते. रोज पँट चिखलात, रोज कंबर धरून उठतोस. म्हटलं, त्याने एक दिवस मान वर केली तर काय बिघडतं?" "माझं नाव बिघडतं! तुला कुणी सांगितलं होतं मध्ये हात घालायला? तुला यातलं काही कळत नाही, काडीचं कळत नाही, तर लांब का राहत नाहीस?" एवढं बोलून मी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "यापुढे मी बागेत असेन तेव्हा तू तिथे दिसता कामा नयेस." तव्यावरचं घावन करपलं. तुझं घावन करपलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तू ते उलथन्याने काढून बाजूला ठेवलंस, तवा पुसलास, दुसरं घातलंस. "बरं," म्हणालीस. "नाही दिसणार."

शनिवारी तू "डोळे दाखवून येते" म्हणून सकाळच्या गाडीने गेलीस ती दुपारी उशिरा आलीस. येताना तुझ्या पिशवीत कोरांटीची दोन रोपं होती. डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोरांटी कधीपासून मिळायला लागली, हे मी विचारलं नाही. तेव्हा मी तुझ्याशी बोलतच नव्हतो. मंगळवारी संपादकांनी मला आत बोलावलं आणि दुसरं पोस्टकार्ड पुढे केलं. तेच छापल्यासारखं अक्षर. "आपल्या सदरलेखकाच्या मातोश्री शनिवारी एसटीने माझ्या घरी आल्या होत्या. ते फूल त्यांनी स्वतः हिराला बांधले, मुलाला याची अजिबात कल्पना नव्हती, असे त्यांनी माझ्या देवघरापुढे उभे राहून सांगितले. सबब माझा आक्षेप मी मागे घेतो. मातोश्रींना चहा दिला. त्यांनी माझ्या अंगणातली कोरांटीची दोन रोपे मागून नेली, ती जगल्यास कळवावे." संपादकांनी चष्मा काढला. "तुला खरंच ठाऊक नव्हतं?" "नाही." "मग छापतो. आणि घरी जाऊन आईच्या पाया पड." त्यांनी ते छापलं. टपरीवरचे दोघे माना उचलायचे थांबले. त्यातल्या एकाने तर चहा पाजला आणि "आई असावी तर अशी" असंही म्हणाला. मी घरी आलो, पाया पडलो नाही. म्हणालो, "आता सगळ्या जिल्ह्याला कळलं, हे तुझे उद्योग म्हणून." तू कोरांटीला आळं करत होतीस. वरही न बघता म्हणालीस, "कळू दे. मला कुठे सदर लिहायचंय?"

यानंतर तू जे केलंस, त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. तू माझं ऐकलंस! साडेपाचला परडी घेऊन बाहेर पडणं बंद. मी उठायच्या वेळी बाग गच्च भरलेली, एकाही झाडाला हात लागलेला नाही. तू स्वयंपाकघराच्या दाराच्या आत, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभी. आठ वाजता तिथून हाक यायची, "झालं काय रे तुझं? येऊ काय आता?" आणि मी "ये" म्हटल्यावर तू परडी घेऊन यायचीस आणि ऊन लागून सुकायला आलेली फुलं देवाला न्यायचीस. मी लहान असल्यापासून ज्या बाईने देवाला शिळं फूल वाहिलं नव्हतं, ती बाई. वारा यायचा. फुलं हलायची. मी पुठ्ठे लावले, छत्री उघडून ठेवली, एकदा तर घोंगडी टांगली. पण पुठ्ठा पडतो, छत्री उडते, घोंगडीची सावली पडते. पदर पसरून बसणारं माणूस दहा पावलांवर दारात उभं होतं आणि मी त्याला एकदाही हाक मारली नाही. तूही यायचं होतंस ना! इतर वेळी माझं कधी ऐकलं होतंस? पितळी तांब्या दोनदा ठेवलास, तसं एकदा तरी यायचं होतंस. नऊ वर्षं तू त्या उंबऱ्याच्या आत उभी राहिलीस. मग तू गेलीस आणि बाग माझ्या एकट्याची झाली.

आता या कामाची काय कळा झाली आहे तेही ऐक. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. सड्यावर भाद्रपदात गाड्यांची रांग लागते, माणसं फुलांत बसून, फुलांत झोपून, फुलांकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतात, आणि निघताना त्या जागी चटई गुंडाळून उचलल्यासारखा पट्टा उरतो. मला दर वर्षी कुठल्या तरी मंडळाकडून बोलावणं येतं, "सर, फुलांचे फोटो चांगले कसे काढायचे ते जरा सांगा ना, सोप्यात." मी सांगतो. सकाळी लवकर जा. ढग असतील तर आणखी बरं. आधी मागे काय आहे ते बघा, मग फूल बघा. फुलाच्या उंचीवर या. खुडू नका, वाकवू नका. वाट बघा. गेल्या महिन्यात एक बाई म्हणाल्या, "सर, आमच्याकडची लोंबती जास्वंद कॅमेऱ्याकडे बघतच नाही. बांधली तर चालेल काय?" सभागृहात हशा झाला. मी गंभीर चेहरा करून उत्तर दिलं, "बाई, फुलाशी खोटं बोलू नये." टाळ्या पडल्या. घरी येताना रिक्षात मला माझाच इतका संताप आला की मी घराच्या एक वळण आधीच उतरलो.

म्हणून आज सकाळी वहिनींच्या पहिल्या फोननंतर मी ठरवलं की कव्हरसाठी नवा फोटो काढावा, म्हणजे दोऱ्याची भानगडच नको. झुंबर अजून आहे, गडग्याच्या उंचीला गेलंय. गोणपाट टाकलं, उताणा पडलो, पुठ्ठा लावला, फोन डोळ्यांसमोर धरला. आभाळ पांढरंफटक. फूल काळं. मग जरा ढग सरकला, उजेड जमला, पाकळ्यांच्या शिरा दिसायला लागल्या, आणि वारा आला. वीस मिनिटं. खांदे भरून आले. आणि तुला सांगतो, मी पडल्या पडल्या इकडेतिकडे बघितलं. केरसुणी भिंतीला टेकून ठेवली होती. त्यातला एक हीर उपसायला कितीसा वेळ लागतो, असं माझ्या मनात आलं. मग उठायला गेलो तर कंबर धरली. हाताला लागलं त्याला धरून उठलो, ती तुझी मालगुंडची कोरांटी निघाली. तळहातात तीन काटे मोडले. जगल्यास कळवावे असं गुरुजींनी लिहिलं होतं, ते कोणी कळवलं नाही. जगली आहे, चांगली माजली आहे.

सहाला वीस मिनिटं आहेत, आता उरलेलं लिहितो. त्या गुरुवारी दुपारी स्टुडिओत काचेखाली ट्यूब लावलेलं टेबल होतं. त्यावर निगेटिव्हची पट्टी ठेवून मी भिंगातून एकेक चौकट बघत होतो. सगळ्यात सुरेख आलेल्या सातव्या चौकटीत देठाच्या खाली गाठ दिसली. दुहेरी फास आणि शेवटी धाग्याचं टोक आत खोचलेलं, हार गुंफताना तू मारायचीस तशी. लहानपणापासून तुझ्या शेजारी बसून मी त्या गाठी पाहिल्या आहेत. ती मला ओळखू येऊ नये? त्याच पाकिटात आदल्या आठवड्याची एक चौकट होती, खालून काढलेली, फूल लोंबतं, जरासं हललेलं, पण खरं. दोन्ही माझ्यासमोर होत्या. घड्याळात साडेतीन वाजले होते. पाव पानात दोरा कोणाला दिसतोय, असं मी मनात म्हटलं आणि सात नंबरभोवती लाल पेन्सिलने गोल केला.

म्हणजे चुलीपाशी तुला बोललो तेव्हा मला ठाऊक होतं. संपादकांना "नाही" म्हणालो तेव्हाही. आणि तू एका परक्या माणसाच्या देवघरापुढे उभी राहून "मुलाला कल्पना नव्हती" म्हणालीस, तेव्हा तुला काय ठाऊक होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. आपली गाठ आपल्या मुलाला ओळखता येणार नाही, असं तुला खरंच वाटलं होतं काय? की तुला सगळं कळलेलं होतं आणि म्हणूनच तू गाडी पकडलीस?

आत्ता वहिनींना फोन केला. म्हटलं, "दोरा ठेवा. आणि आतल्या पानावर, फोटोच्या माहितीत दोन ओळी घाला. फूल आईने हिराला बांधले होते. छापण्याआधी ते मला दिसले होते." वहिनींनी ओळी लिहून घेतल्या. मग वहिनी म्हणाल्या, "भाऊ, लोक हसतील हो. फुलाशी खोटं बोलू नये म्हणून सांगत फिरता तुम्ही." म्हटलं, "हसू देत." "मग असं करू काय, फोटो उलटा छापते. लोंबतं दिसेल, सगळाच प्रश्न मिटला." मी हसलो, बऱ्याच दिवसांनी. म्हटलं, "नको वहिनी, तिने बांधलंय तसंच राहू दे."

हे कागद तुझ्या परडीत ठेवून देतो. ती अजून न्हाणीपाशी खुंटीला आहे, सध्या तिच्यात कपड्यांचे चिमटे असतात. सहाला दोन मिनिटं आहेत आणि वहिनींना त्यांच्या दोन ओळी वेळेत मिळाल्या आहेत. मजकूर द्यायला मी कधीही उशीर केला नाही, असं मी सगळ्यांना सांगत असतो. तुझा राहिला होता.